आधी ‘नको’ कोणतं ते ओळखा: साथीच्या काळात लस नाकारणाऱ्यांशी बोलायचं कसं

मे २०२१. लसीकरणाची गाडी वस्तीवर पोहोचली तेव्हा निम्म्या घरांना कुलपं होती. भर उन्हाळ्यात रानात काही काम नव्हतं, तरी माणसं रानात गेली होती. दोघं-तिघं कडब्याच्या गंजीआड बसलेली आम्हाला दिसली, आम्हीही त्यांना दिसलो, आणि दोन्हीकडून न दिसल्याचं सोंग झालं. सोबतचा कर्मचारी वैतागून म्हणाला, “अडाणी आहेत सगळे.” तेव्हा मीही मान डोलावली होती.

पुढचे पंधरा दिवस आशाताईंबरोबर त्याच वस्तीत घरोघर फिरलो, तेव्हा त्या कुलपांमागचं एकेक कळत गेलं. एकाला ताप आला असता तर दोन दिवसांची मजुरी बुडणार होती. एकीची सासू परवानगी देत नव्हती. एका म्हाताऱ्याचा जिवलग मित्र लस घेतल्यावर चौथ्या दिवशी वारला होता. आणि बी.एस्सी. झालेल्या एका पोराने कुठलासा इंग्रजी व्हिडिओ पाहून अख्ख्या घराला अडवून धरलं होतं. चौघंही म्हणत होती ‘नको’. दुखणी चार, आणि आम्ही चौघांना एकच पत्रक वाटत होतो.

हा लेख आशाताई, नर्सताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, गावातले कार्यकर्ते आणि घरातल्याच कुणाला तरी समजावू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरणं कोविडची आहेत, कारण ती आपण सगळ्यांनी अंगावर झेललेली आहेत.

सुरुवातीला एक हिशेब चुकता करू

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्याही आधी, जगाच्या आरोग्यापुढच्या दहा मोठ्या धोक्यांत लस घ्यायला कचरण्याची गणना केली होती. तिच्या तज्ज्ञांनी कारणांची तीन मुळं सांगितली: भरवसा नसणं, गरज न वाटणं आणि सोय नसणं. आपल्याकडे चर्चा होते ती बहुतेक पहिल्याची. गावात फिरताना तिसरं मूळ सगळ्यांत जास्त पायात येतं.

शिवाय लस न घेतलेला प्रत्येक माणूस कचरणारा नसतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये केंद्रांबाहेर ‘लस संपली’ असे फलक लागले होते. महाराष्ट्राला १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण १२ मे रोजी थांबवावं लागलं. पहाटे पाचला रांगेत उभं राहून दुपारी हात हलवत परतलेल्या बाईला ‘तुम्ही लशीला का घाबरता?’ असं विचारणं म्हणजे उपाशी माणसाला ‘भूक मंदावली का?’ विचारण्यातला प्रकार. तेव्हा आधी पाहा, लस खरोखर पोहोचली होती का, पुरेशी होती का. नसेल तर पुढचं काही वाचू नका. आधी ती आणा.

पायरी १: पत्रकं पिशवीत राहू द्या, वही काढा

पहिल्या फेरीत लस ‘विकायची’ नाही. फक्त माहिती गोळा करायची. वहीत घरटी एक पान ठेवा आणि एवढं लिहा: घरात निर्णय कोणाचा चालतो, कोण कामाला कधी जातं, कोणाला साखर किंवा बीपी आहे, कोणी गरोदर आहे का, मोबाइल कोणाच्या खिशात असतो, आणि दसऱ्यानंतर हे घर ऊसतोडीला जाणार आहे का. शेवटचा रकाना विसरू नका. त्याचं काम पुढे पडेल.

पोलीस पाटील, ग्रामसेवक, सरपंच असा ताफा घेऊन जाऊ नका. दारात चार माणसं उभी राहिली की घरातला माणूस आरोपी होतो आणि आरोपी खरं बोलत नाही. एकट्याने किंवा दोघांनी जा, बसायला सांगितलं तर बसा, चहा दिला तर घ्या. उभ्या माणसाला लोक उत्तर देतात आणि बसलेल्याशी बोलतात.

पायरी २: प्रश्न बदला

“लस का घेतली नाही?” हा प्रश्न नाही, ती नोटीस आहे. तिला उत्तर येतं ते बचावाचं: “सवड नाही”, “बीपी आहे”, “बघू पुढच्या वेळी”.

त्याऐवजी विचारा: “लशीबद्दल तुमच्या कानावर काय काय आलंय?” यात माणसाला स्वतःची भीती कबूल करावी लागत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडून आपली सांगतो. मग गप्प बसा. मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडे फार जड जातात, कारण आपल्याला माहिती असते आणि ती सांगायची घाई असते. तो थांबला की एवढंच: “अजून काही?”

माझ्या अनुभवात पहिलं कारण सभ्यपणाचं असतं, दुसरं शेजाऱ्याचं आणि तिसरं स्वतःचं. एका आजींशी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

“आजी, लशीचं काय ऐकलंत?”
“काय ऐकणार बाबा. बीपीच्या गोळ्या हायेत मला.”
“बरं. अजून?”
“लोक म्हंत्यात ताप येतो.”
“येतो, दोन दिवस. अजून काही?”
बराच वेळ काही नाही. मग: “मला ताप आला तर नातवंडांचं कोण बघंल? सून कारखान्याला, पोरगा पुण्याला.”

बीपीवर व्याख्यान दिलं असतं तर आम्ही तिथेच संपलो असतो. आजींना हवी होती दोन दिवस स्वयंपाकाला कोणीतरी. शेजारणीने ते कबूल केलं आणि काम झालं.

पायरी ३: ‘नको’ची जात ओळखा आणि तेवढंच औषध द्या

*‘अमका सुई घेऊन मेला’*

सगळ्यांत अवघड हा, म्हणून यावर जरा थांबू.

आपल्या भाषेत याला म्हण आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण म्हण फेकून मारली की समोरचा दुखावतो. आधी हिशेब आपल्या डोक्यात पक्का करा. भारतात वर्षाला दर हजारी साधारण सहा-सात माणसं मरतात. २,००० वस्तीच्या गावात वर्षाला बारा-चौदा, म्हणजे महिन्याला एक. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि १ मार्चपासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली. म्हणजे ज्या वयात एरवीही माणसं जास्त जातात, त्याच वयाला आधी सुई. शिबिरानंतर महिनाभरात गावात एखादी तिरडी उठणार हे सुई टोचली असती तरी ठरलेलं होतं, नसती टोचली तरी. त्यात एप्रिलची दुसरी लाट. कित्येकांना संसर्ग आधीच झालेला असायचा, लक्षणं सुईनंतर दिसायची आणि नाव लशीचं व्हायचं.

तमिळ अभिनेते विवेक यांनी १५ एप्रिल २०२१ ला चेन्नईत कॅमेऱ्यांसमोर लस घेतली, दुसऱ्या दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि १७ तारखेला ते गेले. पुढे सरकारच्या तज्ज्ञ समितीने लशीचा संबंध नसल्याचा निष्कर्ष दिला. पण बातमी आधीच रामेश्वरपासून काश्मीरपर्यंत पोहोचली होती. निष्कर्ष मागाहून येतो आणि पायी येतो.

म्हणून हे काम मृत्यूच्या आधी करायचं असतं. शिबिराच्या आदल्या दिवशीच पारावर सांगा: “गावात दर महिन्याला कोणी ना कोणी जातंच. या महिन्यातही जाईल. तेव्हा आधी आम्हाला कळवा, डॉक्टर येऊन तपासतील, मग ठरवू.” हे ऐकायला अभद्र वाटतं. मला सांगताना जीभ जड झाली होती. पण आधी सांगितलेली गोष्ट घडली तर ती इशारा ठरते, मागून सांगितली तर सारवासारव.

आणि घरात खरंच कोणी गेलं असेल तर त्या घरी ‘योगायोग’ हा शब्द उच्चारू नका. दहाव्यापर्यंत लशीचं नावही नको. जा, बसा, काय झालं ते ऐका. कुटुंबाला शंका असेल तर ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नोंदवायला मदत करा. लसीकरणानंतरच्या अशा घटना तपासायला जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर समित्या असतात. तक्रार नोंदवायला आपणच गेलो, हे गाव विसरत नाही.

एक गोष्ट कधीही म्हणू नका: “कोणालाच काही होत नाही.” होतं, क्वचित होतं. कोव्हिशील्डबाबत केंद्राच्या समितीने मे २०२१ मध्ये सांगितलं की रक्ताच्या गुठळ्यांच्या घटना दर दहा लाख डोसमागे ०.६१ आढळल्या. म्हणजे दहा लाखांत एकही पूर्ण नाही. तरी लक्षणं सांगून ठेवायची: सुईनंतरच्या वीस दिवसांत धाप लागणं, छातीत दुखणं, पायाला सूज किंवा वेदना, न थांबणारी पोटदुखी, असह्य डोकेदुखी, अंधुक दिसणं, सुईच्या जागेपासून लांब त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना. धोका सांगितल्याने लोक पळतात असं आम्हाला वाटायचं. पळाले नाहीत. उलट ‘हे लपवत नाहीत’ म्हणून थोडे जवळ सरकले.

*‘ताप आला तर रोज बुडेल’*

ही भीती नव्हे, हा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. हातावर पोट असलेल्याला दोन दिवस अंथरूण परवडत नाही. इथे लशीचे फायदे सांगणं निरर्थक, वेळापत्रक बदला. बहुतेक गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. शिबिर त्याच्या आदल्या दिवशी, शक्यतो दुपारनंतर ठेवा. नवरा-बायकोने एकाच दिवशी घेऊ नये, घरात एक जण उभा हवा. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलच्या गोळ्या सुईबरोबरच हातात द्या; ‘ताप आला तर या’ म्हटलं तर कोणी येत नाही. जिथे जमेल तिथे शेतमालकाशी किंवा मुकादमाशी बोला, एका दिवसाची मजुरी कापू नको म्हणून.

ऊसतोड टोळ्यांचं दुखणं वेगळं. कोव्हिशील्डचा पहिला डोस बीड किंवा जामखेडकडच्या गावी सप्टेंबरात झाला, तर ८४ दिवसांनंतरचा दुसरा पडायचा डिसेंबरात, आणि तेव्हा माणूस कोल्हापूर नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या फडावर. पहिल्या पायरीतला तो रकाना इथे कामाला येतो. टोळी कोणत्या कारखान्याकडे जाणार ते लिहून घ्या, पहिल्या डोसचा कागद छापून द्या, त्यावर मोबाइल क्रमांक आणि लशीचं नाव ठळक लिहा, आणि सांगा की (२०२१ मधला नियम) दुसरा डोस देशात कुठल्याही केंद्रावर मिळतो, मात्र लस तीच हवी आणि नंबर तोच. सरकारी यादीत अशी माणसं ‘दुसरा डोस टाळणारे’ म्हणून दिसायची. त्यांनी काही टाळलं नव्हतं, ती कोयता घेऊन फडात होती.

*बाईचा ‘नको’*

एप्रिल २०२१ मध्ये एक संदेश फिरला: पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका. सरकारने तो खोटा असल्याचं जाहीर केलं, पण तोवर कित्येक जणी दिवस मोजून बसल्या होत्या. दुसरी कुजबुज होती मूल न होण्याची. तिची पाळंमुळं खोल आहेत. सरकारी माणूस, सरकारी गाडी, फुकटची सुई आणि वरून आग्रह. हे सगळं आणीबाणीतल्या नसबंदीची आठवण असलेल्या घरात वेगळंच दिसतं.

गरोदर बायांचा गोंधळ तर आपणच घातलेला. सुरुवातीला त्यांना लस द्यायची नव्हती, कारण चाचण्यांत गरोदर स्त्रिया नव्हत्या आणि पुरेशी माहिती हाताशी नव्हती. २ जुलै २०२१ पासून परवानगी मिळाली. लोक म्हणणारच: “कालपर्यंत नको होती, आज घ्या म्हणता?” याला सरळ उत्तर द्या: तेव्हा माहीत नव्हतं म्हणून थांबलो, आता इतर देशांतल्या हजारो गरोदर बायांचा अनुभव हाताशी आहे, आणि गरोदरपणात कोविड झाला तर तो जास्त बिघडतो हेही दिसलंय.

सुनेचं मन वळवून उपयोग नाही, सासूबाईंशी बोला. आणि हा ‘नको’ पुरुषांतही असतो. ‘ताकद जाते’ असं त्यांच्यात बोललं जायचं. आशाताईसमोर कोणी पुरुष ते कबूल करणार नाही. तिथे बाप्या माणूस पाठवा, पारावर, बिडी पेटवण्याच्या वेळी.

*‘मला काय होतंय!’*

तालमीतली पोरं, रोज पाच मैल धावणारे काका. त्यांना मरणाची भीती घालू नका, ते हसतात. त्यांच्या घरात दम्याची आई किंवा डायलिसिसवरचा भाऊ असेल तर तिथून सुरू करा. नाहीतर त्यांच्या सोयीचं बोला. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही डोस झालेल्यांना लोकलने जाऊ दिलं, तेव्हा यातले बरेच जण आपणहून रांगेत दिसले.

*‘सरकारवर भरवसा नाही’*

इथे वाद घालू नका, कारण समोरच्याच्या हाती पुरावा असतो. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला परवानगी मिळाली तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याचा परिणामकारकतेचा निकाल यायचा होता, ७७.८ टक्के हा आकडा नंतर आला. कोव्हिशील्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी २८ दिवस होतं, २२ मार्चला सहा ते आठ आठवडे झालं आणि १३ मे रोजी, ऐन टंचाईत, बारा ते सोळा आठवडे. अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती चांगली येते असं परदेशातल्या अभ्यासात दिसलं होतं, हे खरं. पण लस नाही म्हणून लांबवताय, असं लोकांना वाटलं तर त्यात त्यांची काय चूक? ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. ३० मे रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात तर आख्खं शिबिरच बनावट निघालं.

हे मान्य करा. “हो, तसं झालं होतं” या चार शब्दांनी जेवढं काम होतं तेवढं चार पत्रकांनी होत नाही. मग म्हणा: “म्हणूनच आपण डोळ्यांनी बघून घेऊ.” कुपी दाखवा, तिच्यावरचं नाव आणि मुदतीची तारीख वाचून दाखवा, सिरिंजचं पाकीट त्यांच्यासमोर फोडा, किती भरली ते दाखवा, बॅच क्रमांक कागदावर लिहून द्या. एका डोसमागे जेमतेम मिनिटभर लागतं.

हा अविश्वास आजचा नाही. १८९६ च्या प्लेगात मुंबईत बोललं जायचं की इस्पितळात माणसाला उलटं टांगून त्याची ‘मोमियाई’, म्हणजे औषधासाठी अंगातलं तेल, काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या हुकुमाने गोरे सोजीर घराघरांत, देवघरांपर्यंत शिरले, त्याचा शेवट कसा झाला ते आपण शाळेत शिकलोच. त्याच काळात मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस बनवून १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. एवढं करूनही १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने गेले आणि सगळा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यातून त्यांचं नाव मोकळं व्हायला १९०७ उजाडलं. एका बाटलीची किंमत केवढी असते, हे प्रत्येक शिबिराच्या सकाळी आठवावं.

पायरी ४: मोबाइलमधल्या अफवेशी व्यवहार

जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांचा व्हिडिओ घरोघर पोहोचला: लस घेतल्यावर अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात. स्वयंपाकघरातली बरीचशी स्टीलची भांडी लोहचुंबकाला फारशी दाद देत नाहीत; अंगाला चमचे-नाणी चिकटतात ती घामाने आणि कातडीच्या ओलसरपणाने. सांगत बसण्यापेक्षा करून दाखवा. लस न घेतलेल्या पोराच्या घामेजल्या कपाळावर नाणं चिकटवा, मग पावडर लावून पुन्हा प्रयत्न करा. पारावर हा खेळ केला तेव्हा इतका हशा झाला की पुढे तो विषय निघाला नाही. हसून सुटणारी गाठ कधी भाषणाने सोडवू नये.

ग्रुपवर मात्र नियम कडक पाळा. खोटा संदेश ‘हे खोटं आहे’ असं लिहूनही पुढे ढकलू नका, त्याने तो आणखी शंभर जणांपर्यंत जातो. आधी खरं काय ते लिहा, अफवेचा उल्लेख एकदाच, थोडक्यात, आणि पुन्हा खरं. ज्याने संदेश टाकला त्याला ग्रुपवर उघडा पाडू नका. खाजगीत फोन करा: “काका, हे कुठून आलं हो?” चारचौघांत हरलेला माणूस मत बदलत नाही, ग्रुप बदलतो.

काही प्रश्नांत अफवा आणि सत्य गुंतलेलं असतं. ‘लशीत डुकराची चरबी आहे’ ही अफवाच. आपल्याकडे दिलेल्या कोव्हिशील्ड-कोव्हॅक्सिनमध्ये ती नव्हती. ‘कोव्हॅक्सिनमध्ये वासराचं रक्त आहे’ याचं उत्तर मात्र नुसतं ‘छे’ असं नाही. विषाणू ज्या पेशींवर वाढवतात त्या पेशी वाढवण्यासाठी नवजात वासराचं सीरम वापरतात, नंतर ते धुऊन काढलं जातं आणि तयार लशीत ते नसतं. आरोग्य मंत्रालयाने जून २०२१ मध्ये हेच सांगितलं. हे पूर्ण सांगा. अर्धं सांगाल तर उरलेलं अर्धं कोणीतरी दुसरा सांगेल, त्याच्या पद्धतीने.

त्या बी.एस्सी. पोराचं काय? त्याला आकडे पाठ होते, माझ्यापेक्षा जास्त. त्याला मी एकच विचारलं, “तुझं मत बदलायला काय दिसावं लागेल?” तो बराच वेळ बोलला नाही. तीन दिवसांनी म्हणाला, आई-वडिलांना घेऊ द्या, माझं मी बघतो. तेवढं पुरे होतं.

पायरी ५: कोणाच्या तोंडून

डॉक्टरांचं ऐकतात हे अर्धसत्य. ज्या डॉक्टरांकडे लोक एरवी पडसं-खोकला घेऊन जातात त्यांचं ऐकतात, मग ते तालुक्याचे तज्ज्ञ असोत किंवा बाजारातले फॅमिली डॉक्टर. मेळघाटात कोरकूतून आणि सातपुड्यात पावरी-भिलीतून बोललेलं पोहोचतं. तिथे शुद्ध मराठीही सरकारी वाटते. भुमका (आदिवासींचे वैदू), महाराज, मौलाना, ह.भ.प. कीर्तनकार यांच्याकडे परवानगी मागायला जाऊ नका, त्यांच्या शंका ऐकायला जा. त्यांनाही असतात, आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

सगळ्यांत भारी साक्षीदार मात्र सत्तरीपुढचे. त्यांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण असतो. मुळात ‘लस’ हा आपला शब्दच फोडातून पाझरणाऱ्या पाण्याचा. १४ जून १८०२ ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. हा इतिहास सांगायची गरज नाही. आजोबांना बाही वर करायला सांगा आणि विचारा, देवी टोचायला माणूस आला तेव्हा तुम्ही कुठे लपला होतात? लपलेले असतातच. गोष्ट रंगते आणि नातवंडं ऐकतात.

पायरी ६: सुईचा दिवस

उपाशीपोटी कोणी येऊ नये, हे आदल्या रात्रीच सांगा. उन्हात, भुकेने आणि भीतीने रांगेत एखादा चक्कर येऊन पडतो; लशीचा त्यात संबंध नसतो, पण एक पडला की मागची रांग विरते. म्हणून टोचायची जागा आणि नंतर अर्धा तास बसायची जागा रांगेतल्यांच्या नजरेआड ठेवा. सावली, पाणी, शक्य तर चहा. तो अर्धा तास तीव्र अ‍ॅलर्जी आलीच तर लगेच इलाज व्हावा म्हणून असतो; औषधाचा संच आणि ते देणारा माणूस दोन्ही जागेवर असल्याची सकाळीच खात्री करा.

नोंदणीतला ओटीपी हा गावाकडचा मोठा अडथळा होता. ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ असं बँकेने वर्षानुवर्षं शिकवलेलं, आणि आता आम्ही तोच मागतोय! नोंदणी त्यांच्याच पोराला करू द्या, त्यांच्याच फोनवर.

पहिली सुई सरपंचांना दिली की लोक म्हणतात, त्यांना वेगळी असेल. पहिली एखाद्या चटपटीत आजीला द्या.

पायरी ७: तिसऱ्या दिवशी परत जा

बहुतेक ठिकाणी ही पायरी गाळली जाते, आणि दुसरा डोस तिथेच हातचा जातो. दुसऱ्या दिवशी फोन, तिसऱ्या दिवशी भेट. ताप आला असेल तर “सांगितलं होतं ना” म्हणू नका. कपाळाला हात लावा. लस घेऊनही कोविड झाला अशी तक्रार आली तर कोकणातलं इरलं आठवा. धो-धो पावसात इरल्याखाली पाठ कोरडी राहते, गुडघे भिजतातच. म्हणून लावणीला कोणी इरलं टाकून जात नाही.

सक्तीबद्दल

नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला: एकही डोस न घेतलेल्यांना रेशन, गॅस, पेट्रोल नाही. आदेशाने रांगा लागतात, हे नाकारत नाही. पण रेशन हा कोणाचा तरी घास आहे आणि तो अडवून मिळवलेल्या डोसचं व्याज पुढच्या मोहिमेत भरावं लागतं, असं माझं मत. धाक वाढला की खोटी प्रमाणपत्रंही निघतात. एखादा दहा वेळा नाही म्हणाला तर अकराव्या वेळी लशीबद्दल न बोलता नुसता चहा पिऊन या, आणि पुढच्या शिबिराची तारीख निघताना सांगा.

मित्र गमावलेला तो म्हातारा मे महिन्यात गंजीआड होता, जुलैमध्ये दारात आला, सप्टेंबरात पान देऊ लागला. मी लशीचा विषय सोडून दिला होता. ऑक्टोबरात राज्यभर ‘मिशन कवच कुंडल’ चालू असताना शाळेत शिबिर होतं, तिथे तो काठी टेकत आला आणि टेबलासमोर उभा राहिला.

“आज गावात कोण गेलं का?”

“नाही बाबा. आज कोणी नाही.”

त्याने बाही वर केली. “मग टोच लवकर.”